पाच व्होल्टची विहीर, ३.३ व्होल्टचं घर: आरएस-४८५ पहिल्यांदा जोडणाऱ्यांसाठी

घरापासून विहीर तीनशे मीटरवर. विहिरीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोटरचा स्टार्टर आणि त्याच्या बाजूला प्लास्टिकच्या डब्यात आर्डुइनो नॅनो हा एक छोटा कंट्रोलर. पाण्याची पातळी किती आणि मोटर चालू की बंद, एवढंच तो बघतो. घरात ईएसपी३२ हा वायफायवाला कंट्रोलर बसलाय, ती माहिती मोबाइलवर दाखवायला. मधे केबल आणि केबलच्या दोन्ही टोकांना आरएस-४८५ चा एकेक आयसी. आरएस-४८५ म्हणजे दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकावरून डेटा लांब नेण्याची पद्धत. नॅनो ५ व्होल्टवर चालतो, ईएसपी३२ ३.३ व्होल्टवर. नवीन माणूस नेमका इथे अडतो. एकीकडून पाच व्होल्ट निघणार आणि दुसरीकडे ३.३ चा आयसी आहे, मग तो जळणार नाही का? आणि उलट दिशेने ३.३ पाठवले तर पाचवाल्याला ते ऐकू येतील का?

मी ही जोडणी पहिल्यांदा केली तेव्हा माझी भीती बरोबर होती, पण जागा चुकली होती. केबलच्या दोन्ही तारांवर रेझिस्टर लावून मी व्होल्टेज ‘कमी’ केलं, ज्याची काडीची गरज नव्हती. आणि आयसीतून ईएसपी३२ कडे येणारी तार मात्र सरळ जोडून टाकली. पंधरा दिवसांत ती पिन मेली. तेव्हा घातलेला घोळ तुम्ही घालू नये म्हणून पायरीपायरीने सांगतो.

पायरी १: लाइन नक्की कुठली, ते आधी बघा

दोन तारांमधल्या फरकावर चालणाऱ्या पद्धती बऱ्याच आहेत आणि बाहेरून सगळ्या सारख्याच दिसतात. खाली जे येतंय ते आरएस-४८५ साठी आहे, आणि थोड्याफार फरकाने त्याचा थोरला भाऊ आरएस-४२२ यासाठी. गाड्यांमध्ये वापरतात त्या कॅन बसचे ५ आणि ३.३ व्होल्टचे आयसी आपापसात बोलतात, पण कॅन आणि ४८५ एकमेकांना जोडायचे नाहीत. एलव्हीडीएसमध्ये तारांमधला फरक जेमतेम ३५० मिलिव्होल्ट असतो. तिथे ४८५ चा ड्रायव्हर (आयसीतला पाठवणारा भाग) लावणं म्हणजे निरांजनात रॉकेल ओतणं.

पीईसीएल नावाचा प्रकार तर मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच्या पातळ्या ग्राउंडपासून वर नाही, सप्लायपासून खाली मोजतात. ५ व्होल्टच्या पीईसीएलचा मध्य सुमारे ३.७ व्होल्टवर असतो, ३.३ वाल्याचा सुमारे २ व्होल्टवर. ते दोन थेट जोडले तर जमत नाही. म्हणजे ‘फरकाचा सिग्नल आहे ना, मग सप्लाय कितीही असू दे’ हा काही निसर्गनियम नाही. ४८५ मध्ये ही मोकळीक मिळते, कारण ते प्रमाण ठरवतानाच तशी सोय करून ठेवलेली आहे.

पायरी २: केबलची बाजू जशी आहे तशी सोडा

हे प्रमाण १९८३ सालचं, १९९८ मध्ये सुधारलेलं. सप्लाय किती असावा यावर त्याचा भर नाही. त्याच्या अटी लाइनवरच्या आहेत. ५४ ओहमच्या भारावर ड्रायव्हरने ए आणि बी या तारांमध्ये निदान १.५ व्होल्टचा फरक दिलाच पाहिजे. रिसीव्हरला (ऐकणाऱ्या भागाला) ०.२ व्होल्टचा फरक ओळखता आलाच पाहिजे, मग तो अधिक असो वा उणे. ३.३ व्होल्टचा मॅक्स ३४८५ आणि ५ व्होल्टचा मॅक्स ४८५, दोघेही या अटीत बसतात. पाचवाला जरा जोरात बोलतो एवढंच. ३.३ वाल्याचे १.५ व्होल्टसुद्धा समोरच्याला लागतात त्याच्या साडेसात पट आहेत.

आता जळण्याची भीती. प्रमाण सांगतं की रिसीव्हरच्या पिनवर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी त्याने काम करत राहावं. हे आकडे विचित्र वाटतात, पण सोपे आहेत. ड्रायव्हरची पिन ० ते ५ व्होल्टमध्ये कुठेही असणार, आणि दोन टोकांच्या ग्राउंडमध्ये दोन्ही दिशांना ७ व्होल्टचा फरक पडू शकतो असं धरलं. शून्यातून ७ वजा, पाचात ७ मिळवा. म्हणजे समोरून पाच व्होल्ट येणार हे गृहीतच धरलेलं आहे. ३.३ व्होल्टवर चालणारा आयसी स्वतःला ४८५ चा म्हणवतो तेव्हा त्याने हे सगळं सहन करायचं कबूल केलेलं असतं.

पाचवाल्याचा सिग्नल अडीच व्होल्टच्या आसपास झुलतो आणि ३.३ वाल्याचा १.६५ च्या आसपास. हा पाऊण-एक व्होल्टचा फरक त्या १९ व्होल्टच्या पट्ट्यात कुठे हरवतो ते कळतही नाही. म्हणून ए आणि बी वर व्होल्टेज बदलणारं काहीच नको: डिव्हायडर नको, लेव्हल शिफ्टर नको, झेनर नको. मी लावलेल्या रेझिस्टरांनी उलट सिग्नल खाल्ला होता.

पायरी ३: लॉजिकची बाजू डोळे उघडे ठेवून जोडा

खरी गोम इथे आहे. ४८५ च्या आयसीला कंट्रोलरकडे चार पिना असतात. डीआय म्हणजे पाठवायचा डेटा, आरओ म्हणजे आलेला डेटा, डीई म्हणजे ड्रायव्हर चालू, आरई म्हणजे रिसीव्हर चालू (ही उलटी, शून्यावर चालू होते). या पिनांना कुठलंच ४८५ चं प्रमाण लागू नाही. इथे साधे लॉजिकचे नियम चालतात आणि सप्लायचा फरक इथे बोचतो.

सगळ्यात उत्तम उपाय आधी सांगतो: प्रत्येक कंट्रोलरला त्याच्याच सप्लायचा आयसी द्या. ईएसपी३२ ला एसपी ३४८५ किंवा मॅक्स ३४८५, नॅनोला मॅक्स ४८५ किंवा जुना एसएन ७५१७६. मग लॉजिकचा प्रश्नच उरत नाही आणि फरक मिटवायचं काम केबल करते, जे तिला येतं.

पण खणात पडलेलं असतं तेच आपण लावतो, हे मला माहीत आहे. तेव्हा चारही जोड्या बघू.

३.३ चा कंट्रोलर डेटा पाठवतोय, आयसी ५ चा: मॅक्स ४८५ ला २ व्होल्ट दिसले की तो ‘एक’ समजतो. ३.३ पुरेसे आहेत. सरळ जोडा.

५ चा आयसी डेटा देतोय, ३.३ चा कंट्रोलर घेतोय: थांबा. आरओवर पाचच्या जवळपास व्होल्टेज येतं. ईएसपी३२ आणि रास्पबेरी पाय यांच्या पिना पाच व्होल्टसाठी नाहीत. काही एसटीएम३२ मध्ये पाच सहन करणाऱ्या पिना असतात, डेटाशीटमध्ये त्यांच्यापुढे ‘एफटी’ लिहिलेलं असतं. तिथे चालेल. माझी पिन गेली ती याच जोडीत. गंमत म्हणजे ती लगेच गेली नाही, म्हणून मी दोन आठवडे ‘चालतंय की’ म्हणत फिरत होतो.

५ चा कंट्रोलर, ३.३ चा आयसी, डेटा आयसीकडे: मॅक्स ३४८५ च्या डीआय, डीई, आरई या पिना ७ व्होल्टपर्यंत सहन करतात, त्यामुळे चालतं. दुसऱ्या कंपनीचा आयसी असेल तर डेटाशीटमधली कमाल मर्यादांची सारणी उघडा. सप्लायपेक्षा ०.३ व्होल्टच जास्त चालेल असं लिहिलं असेल तर मधे बफर (सिग्नल आपल्या सप्लायच्या पातळीवर पुन्हा काढणारा आयसी) किंवा डिव्हायडर लावा.

३.३ चा आयसी, ५ चा कंट्रोलर, डेटा कंट्रोलरकडे: ही जोडी टेबलावर नेहमी चालते आणि म्हणूनच फसवते. नॅनोतल्या एटीमेगा३२८पी ला ‘एक’ म्हणायला सप्लायच्या ०.६ पट, म्हणजे ३ व्होल्ट लागतात. मॅक्स ३४८५ ३.३ वर असताना हमी देतो ती सप्लायपेक्षा ०.४ व्होल्ट कमी, म्हणजे २.९ ची. प्रत्यक्षात ३.२ येतात आणि सगळं छान चालतं. मग उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली किंवा जरा चढ्या सप्लायवर अधूनमधून एखादा बाइट चुकतो, आणि तुम्ही केबलला शिव्या घालत बसता. मधे ७४एएचसीटी१२५ सारखा एचसीटी घराण्यातला बफर ५ व्होल्टवर लावा. त्याला २ व्होल्ट पुरतात.

आरओवरच्या डिव्हायडरचा सापळा

दुसऱ्या जोडीसाठी सगळे जण दोन रेझिस्टरचा डिव्हायडर सुचवतात. १.८ के वर, ३.३ के खाली, पाचाचे झाले ३.२४. हिशोब बरोबर आहे. अडचण वेगळीच आहे आणि ती कोणी सांगत नाही.

आपण सहसा डीई आणि आरई एकत्र बांधून एकाच पिनवर घेतो. पाठवताना ती पिन वर जाते, तेव्हा रिसीव्हर बंद होतो आणि आरओ अधांतरी लोंबकळतो. आता डिव्हायडरचा खालचा ३.३ के त्या तारेला जमिनीवर ओढतो. सीरियल पोर्टला शून्य दिसलं म्हणजे स्टार्ट बिट (बाइट सुरू झाल्याची खूण) आला! तुम्ही पाठवत असता आणि तिकडे तुमच्याच कंट्रोलरच्या आलेल्या डेटाच्या साठ्यात कचरा जमा होतो. दर वेळी उत्तराच्या आधी एक-दोन शून्य बाइट आले तर ओळखा, हाच प्रकार आहे.

आरओला पाच व्होल्टकडे १० के चा पुल-अप (तार वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) लावूनही भागत नाही. १० के आणि डिव्हायडरचे ५.१ के मिळून ईएसपी३२ च्या पिनवर साधारण १.१ व्होल्ट येतात. त्याला शून्यासाठी ०.८ च्या खाली हवं आणि एकासाठी अडीचच्या जवळपास. १.१ म्हणजे ना घर का ना घाट का.

उपाय दोन. पहिला, आरई कायम ग्राउंडला बांधा आणि फक्त डीई कंट्रोलरकडे ठेवा. मग आरओ कधीच अधांतरी होत नाही. आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकू येतं, ते प्रोग्रॅममध्ये फेकून द्यायचं. पाठवलं तेच परत आलं का हे तपासताही येतं, हा वरचा फायदा. दुसरा, ३.३ व्होल्टवर चालणारा ७४एलव्हीसी१जी१७ सारखा बफर. एलव्हीसी घराण्याच्या इनपुटला पाच व्होल्ट चालतात, त्यामुळे आरओला १० के चा पुल-अप देऊन सरळ बफरमध्ये सोडता येतं.

एलटीसी २८६५ सारख्या काही आयसींना लॉजिकसाठी वेगळी सप्लायची पिन असते. लाइन पाचावर, लॉजिक ३.३ वर किंवा त्याहून खाली, असं एकाच आयसीत जमतं. महाग पडतात, पण स्वतःची पाटी (सर्किट बोर्ड) छापून घेणार असाल तर विचार करा.

आणि एक राहिलंच. मॅक्स ४८५ लाच ३.३ व्होल्ट दिले तर? पुण्याच्या तापकीर गल्लीतल्या एका दुकानदाराने मला ठामपणे सांगितलं होतं, “साहेब, बिनधास्त लावा, सगळे तसंच चालवतात.” खोटं नाही, टेबलावर दोन मीटर वायरवर चालतं. पण डेटाशीटमध्ये सप्लाय ४.७५ ते ५.२५ लिहिलाय. त्याच्या खाली १.५ व्होल्टची हमी संपली, आणि वरचा सगळा हिशोब त्या हमीवर उभा आहे. तीनशे मीटरवर हा जुगार मी खेळणार नाही.

पायरी ४: मॉड्यूल हातात घेऊन नीट बघा

बाजारात मिळणारं निळं मॅक्स ४८५ मॉड्यूल म्हणजे नुसता आयसी नाही. बहुतेकांवर चारही लॉजिक पिनांना १० के चे पुल-अप पाच व्होल्टकडे असतात, ए वर आणि बी खाली ओढणारे २० के असतात, आणि ए-बी मध्ये १२० ओहमचा टर्मिनेशन रेझिस्टर (टोकाला पोहोचलेला सिग्नल उलटा फिरू नये म्हणून लावतात तो) सोल्डर केलेला असतो. मल्टिमीटर लावून आपल्याकडच्या मॉड्यूलवर काय आहे ते एकदा मोजा.

पुल-अपचा त्रास असा की ईएसपी३२ सुरू होताना त्याच्या पिना काही काळ मोकळ्या असतात. तेवढ्यात १० के डीईला वर ओढतो, ड्रायव्हर चालू होतो आणि लाइन अडवून बसतो. दर रीसेटला बाकीच्यांचं बोलणं तुटतं. डीईवरचा तो १० के काढून टाका आणि तिथून ग्राउंडला १० के लावा. काढायचा नसेल तर ग्राउंडला १ के लावा. मग मोकळ्या अवस्थेत (डीई आणि आरई एकत्र बांधलेले नसतील तर) ०.४५ व्होल्ट येतात, जे मॅक्स ४८५ च्या ०.८ च्या हद्दीखाली आहेत. २.२ के लावून बघू नका, ०.९ येतात.

पायरी ५: टर्मिनेशन दोनच, तेही टोकांना

केबलच्या दोन टोकांना १२० ओहम, मधल्या कुणालाच नाही. विहिरीनंतर तुम्ही गोठ्यात आणि पॉलीहाउसमध्येही मॉड्यूल बसवाल आणि प्रत्येकाबरोबर एक १२० फुकट येईल. पाच मॉड्यूल म्हणजे २४ ओहम. ड्रायव्हरची हमी ५४ ओहमपर्यंत आहे. अशा वेळी ३.३ वाला आधी हात टेकतो, कारण त्याच्याकडे वरचा साठा कमी असतो. मग लोक म्हणतात ‘३.३ चा आयसी लांब चालत नाही’. दोष त्या आगंतुक रेझिस्टरांचा असतो.

तपासणी सोपी आहे. सगळीकडचा सप्लाय बंद करा, ए-बी मध्ये ओहम मोजा. छोट्या केबलवर ६० च्या आसपास यावा. तीनशे मीटरवर ७० दिसेल. २४ गेज तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला ८४ ओहमच्या घरात असतो, म्हणजे जाऊन-येऊन पन्नास ओहम पलीकडच्या १२० मध्ये मिळतात. ७० च्या बरंच वर गेलात तर कुठेतरी जोड सैल आहे, नाहीतर केबलवाल्याने तांब्याच्या नावाखाली मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम गळ्यात मारलंय. असली केबल स्वस्त मिळते आणि वळवताना पटकन मोडते.

पायरी ६: बायस, जिथे सप्लाय लाइनवरही मोजावा लागतो

दुसऱ्या पायरीत लाइनला सप्लायशी देणंघेणं नाही म्हटलं. त्याला हा एक अपवाद.

कोणीच बोलत नसेल तेव्हा दोन टर्मिनेशन ए आणि बी यांना एकत्र ओढतात आणि फरक शून्य होतो. मॅक्स ४८५ ला किंवा मॅक्स ३४८५ ला शून्याचा अर्थ लागत नाही. ते मनाला येईल ते बाहेर काढतात. म्हणून ए ला सप्लायकडे आणि बी ला ग्राउंडकडे एकेक रेझिस्टर लावून गप्प लाइनवर ०.२ व्होल्ट राखून ठेवायचे. मॉड्यूलवरचे २० के इथे शोभेचे आहेत. त्यांनी ६० ओहमवर साडेसात मिलिव्होल्ट मिळतात.

हिशोब करू. ६० ओहमवर ०.२ व्होल्ट म्हणजे ३.३३ मिलिअँपिअर. सप्लाय ५ असेल तर दोन्हीकडे ६८० ओहम लावा, ०.२११ व्होल्ट येतात. हीच ६८० ची जोडी ३.३ वर नेली तर ०.१३९ व्होल्टच येतात. मास्टर (लाइनवर बाकीच्यांना विचारणारा कंट्रोलर) आर्डुइनोवरून ईएसपी३२ वर नेला आणि ‘बाकी काहीच बदललं नाही, तरी मधेच कचरा येतो’ असं कोणी सांगितलं की मी आधी हे दोन रेझिस्टर बघतो.

३.३ वर छोट्या केबलसाठी ४३० ओहम. ४७० लावलेत तर काठावर खाली, ०.१९८. आपल्या तीनशे मीटरच्या केबलवर मात्र तारेतच थोडं गळतं: घराशी ४३० लावून ०.२४९ व्होल्ट मिळाले तरी विहिरीपाशी ०.१७६ च पोहोचतात. म्हणून मी ३३० लावले. घराशी ०.३२, विहिरीशी ०.२२. ड्रायव्हरवरचा एकूण भार तरीही ६३ ओहमच्या वर राहतो, म्हणजे ५४ च्या हमीत बसतो.

बायस एकाच ठिकाणी द्यायचा, आणि जिथे लाइट जात नाही तिथे. आमच्या विहिरीवर शेतीपंपाची लाइट ठरावीक तासच असते, घरात इन्व्हर्टर आहे. विहिरीवर बायस दिला असता तर लाइट गेल्यावर तो नाहीसा झाला असता. इतकंच नाही, तोच रेझिस्टर घराकडून येणारा सिग्नल बंद पडलेल्या पाटीच्या सप्लायमध्ये मुरवत राहिला असता.

हे सगळं टाळायचं असेल तर नवीन घेताना ‘फेलसेफ’ रिसीव्हरचा आयसी घ्या, जसा मॅक्स ३०८० च्या घराण्यातला. त्याची हद्द उणे ०.०५ व्होल्टच्या खाली सरकवलेली असते, त्यामुळे शून्य फरकालाही तो ‘एक’ म्हणतो. पण लाइनवरच्या सगळ्याच आयसींना ही अक्कल हवी. एक जरी मॅक्स ४८५ उरला तरी बायस लावाच.

पायरी ७: तिसरी तार

‘फरकाचा सिग्नल आहे, दोन तारा पुरतात.’ हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही, फक्त विचारतो की उणे ७ ते अधिक १२ हे कशाच्या तुलनेत? रिसीव्हर ते आपल्या ग्राउंडपासून मोजतो. दोन टोकांचे ग्राउंड एकमेकांना ठाऊकच नसतील तर ते कुठेही तरंगू शकतात आणि हा १९ व्होल्टचा पट्टा सहज ओलांडतात. ए-बी साठी एक पिळाची जोडी आणि शिवाय ग्राउंडसाठी एक तार, असं घ्या. ती तार दोन्ही टोकांना आपापल्या ग्राउंडशी १०० ओहम, अर्ध्या वॅटच्या रेझिस्टरमधून जोडा, म्हणजे दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये फरक असला तर तारेतून भलता करंट वाहणार नाही.

ती तार जोडण्याआधी ती आणि तिथला ग्राउंड यांच्यात मल्टिमीटरने एसी आणि डीसी दोन्ही मोजा. शेडमध्ये तीन फेज ४१५ व्होल्ट आहेत, तेव्हा स्टार्टरचं झाकण बंद ठेवून आणि मोजमाप फक्त आपल्या डब्यात करायचं. मोटर चालू असताना आणि बंद असताना असं दोनदा मोजा. एक-दोन व्होल्ट आले तर पुढे जा. पाचच्या वर आले तर आयसोलेटेड ट्रान्सीव्हर घ्या: आयएसओ ३०८२ किंवा एडीएम २४८३. यांच्या पोटात लॉजिक आणि लाइन वेगळे केलेले असतात. लॉजिकच्या बाजूला ३.३ द्या, लाइनच्या बाजूला ५ व्होल्ट, त्यासाठी छोटा आयसोलेटेड सप्लाय लागतो. म्हणजे तिसऱ्या पायरीतली सगळी कटकटही त्यातच मिटते. उघड्या शेतातल्या केबलवर मी आता हेच लावतो. आणि दोन्ही टोकांना एसएम ७१२ हा सर्ज डायोड. तो एका बाजूला ७ आणि दुसऱ्या बाजूला १२ व्होल्टसाठीच बनवलाय, का ते आता तुम्हाला कळेल. वीज थेट केबलवर पडली तर तोही काही करू शकत नाही. वळवाच्या दिवसांत मी विहिरीकडचा कनेक्टर सरळ उपसून ठेवतो.

पायरी ८: चालू करताना

दोन्ही पाट्या आधी एकाच टेबलावर, एक मीटर वायरने जोडून चालवा. ९६०० चा वेग ठेवा. पाण्याची पातळी सांगायला याहून जास्त घाई कशाला? नॅनोच्या ० आणि १ या पिना यूएसबीसाठीही वापरात असतात. तिथे आरओ जोडलेला असेल तर प्रोग्रॅम अपलोड होत नाही. ती तार तेवढ्यापुरती काढा किंवा ४८५ दुसऱ्या पिनांवर घ्या.

डीई कधी खाली आणायचा हे प्रोग्रॅममध्ये नीट बघा. शेवटचा बाइट पाठवायच्या साठ्यात (बफरमध्ये) टाकला म्हणजे तो लाइनवर गेला असं नाही. ९६०० ला एका बाइटला एक मिलिसेकंदाहून थोडं जास्त लागतं. आधी फ्लश करा, म्हणजे सगळं लाइनवर जाईपर्यंत थांबा, मग डीई सोडा. नाहीतर शेवटचं अक्षर कापलं जातं आणि दोष ३.३ वर जातो.

मग मधे खरी केबल घाला आणि लाइन गप्प असताना दोन्ही टोकांना ए-बी मधला डीसी व्होल्टेज मोजा. ए अधिक धरून ०.२ च्या वर हवा. काहीच ऐकू येत नसेल तर एका टोकाला ए आणि बी उलटे करून बघा, त्याने काही जळत नाही. ए आणि बी यांच्या नावांचा गोंधळ जुना आहे. प्रमाणात ज्याला ए म्हटलंय त्याला बहुतेक आयसीवाले बी म्हणतात. पुढे एखादा मॉडबसचा (४८५ वर चालणाऱ्या एका प्रचलित भाषेचा) एनर्जी मीटर याच लाइनवर घ्याल तेव्हा त्याच्यावर डी० आणि डी१ असं लिहिलेलं सापडेल, किंवा नुसतं अधिक-उणे. खुणांवर विश्वास न ठेवता मीटरला एकट्याला सप्लाय द्या, कुठला टर्मिनल जरासा वर बसतो ते मोजा आणि तो मॅक्स ४८५ च्या ए ला जोडा. दोन्ही सारखेच दिसले तर एकदा असं आणि एकदा तसं जोडून बघायचं.